चिठ्ठी कुठवर जाते? विदर्भातल्या खेड्यात लहान मुलांसाठीच्या सेवा शोधताना

समाजकार्याचे (एमएसडब्ल्यू) विद्यार्थी, फेलोशिपवर आलेली मुलंमुली, नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात उतरले की पहिल्या आठवड्यात योजनांची यादी करतात. तक्ता झकास होतो. पण दहा महिन्यांचं लेकरू अजून बसत नसेल, तर त्याच्या आईने सोमवारी सकाळी नेमकं कुठे जायचं, हे त्या तक्त्यातून कळत नाही. यादी करू नका असं नाही, पण ती सगळ्यात शेवटी करा. आधी एका लेकराला पुढच्या दवाखान्यात पाठवण्यासाठी दिलेली संदर्भ चिठ्ठी धरा आणि ती कुठवर पोचते ते पाहा. पुढचं सगळं त्याच पद्धतीने लिहिलं आहे.

आधी आवाका लहान करा

या विषयात तीन वेगवेगळी कामं एकाच नावाखाली येतात. अडचण येऊच नये म्हणून केलेली: गरोदरपणातली तपासणी, लसीकरण, पूरक आहार, पालकांशी बोलणं. अडचण दिसली की लगेच पकडायची: वाकडा पाय, ऐकू न येणं, उशिरा बसणं-बोलणं, तीव्र कुपोषण. आणि लेकरासाठी घर सावरून धरायची: बाप गेला, आई एकटी पडली, दारू, कर्ज, शाळा सुटून लग्न ठरलं. तिन्हींची खाती वेगळी, कागद वेगळे, माणसं वेगळी.

म्हणून एक वयोगट, एक अडचण आणि एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं क्षेत्र, एवढंच घ्या. निकषाप्रमाणे आदिवासी भागात एका केंद्राकडे सुमारे २०,००० लोकसंख्या असते, इतरत्र ३०,०००. एका माणसाला तेवढं पुरून उरतं.

कोणाचं खातं कोणतं

नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त हेलपाटे इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

महिला व बालविकासाची दारं जिल्ह्यात दोन आहेत. एक जिल्हा परिषदेत. अंगणवाड्या तिथून चालतात. तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे सगळे म्हणतात ते सीडीपीओ, त्यांच्या हाताखाली बीटच्या (काही अंगणवाड्यांच्या गटाच्या) पर्यवेक्षिका आणि गावात सेविका व मदतनीस. दुसरं दार जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं. ते राज्य शासनाचं कार्यालय, बहुतेक वेळा वेगळ्या इमारतीत. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, पालक गमावलेल्या मुलांना महिन्याला पैसे देणारी बालसंगोपन योजना हे सगळं तिकडे. बालसंगोपनाचा अर्ज घेऊन जिल्हा परिषदेत गेलात तर ‘हे आमच्याकडं नाही’ एवढंच ऐकायला मिळेल, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आरोग्याचंही तसंच. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशा हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, बोलीभाषेत सीएसकडे. मुलांची तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, म्हणजे आरबीएसकेची गाडी, साधारणपणे ग्रामीण रुग्णालयातून सुटते. आता बघा: लेकराला घरी जाऊन पाहणारी आशा एका साहेबांच्या हाताखाली, त्याला तपासून चिठ्ठी देणारा डॉक्टर दुसऱ्या साहेबांच्या हाताखाली, आणि लेकरू रोज जिथे बसतं ती अंगणवाडी तिसऱ्याच खात्याची. चिठ्ठी हरवते ती बहुतेक या सांध्यांमध्ये. तुमच्या शोधाचं निम्मं काम हे सांधे तपासण्याचं आहे.

याशिवाय शिक्षण खात्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात. आदिवासी तालुक्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असतं. धारणी, पांढरकवडा, अहेरी, भामरागड, देवरी अशा ठिकाणी. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, त्यामुळे जुन्या शासन निर्णयांत ‘सामाजिक न्याय’ लिहिलेलं दिसलं तरी आजचं टेबल कोणतं, ते विचारून घ्या.

गावात शिरताना

पहिला दिवस ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता दिनाचा निवडा. महिन्यातून एकदा अंगणवाडीत एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई आणि सेविकाताई एकत्र भेटतात असा हाच दिवस. गेल्या गेल्या वही उघडू नका. लेकरांना रांगेत धरा, वजनकाट्याशी मदत करा, सतरंजी घाला. सेविकांच्या मागे रजिस्टरं, पोषण ट्रॅकरचं ॲप, आहाराचं वाटप आणि वर कोणत्या ना कोणत्या सर्वेक्षणाचं ओझं असतं. तुम्ही आणखी एक तपासणीवाले निघालात तर उत्तरं रजिस्टरसारखीच मिळतील, सगळी ठीकठाक.

मग माता-बाल संरक्षण कार्ड मागा. घरोघर ते रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्ससोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असतं. त्यात मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा वाढीचा आलेख आहे. ठिपका कोणत्या पट्ट्यात आहे एवढंच पाहून थांबू नका. रेषा वर चढते आहे, आडवी झाली आहे की मध्येच तुटली आहे, ते पाहा. तीन महिने ठिपकाच नाही, तर त्या महिन्यांत घर कुठे होतं ते विचारा. वीटभट्टीवर, माहेरी, की मोहफुलं वेचायला जंगलात? त्या तीन महिन्यांत लेकरापर्यंत काय पोचलं, हे कोणत्याही मासिक अहवालात सापडायचं नाही. कार्डावर वयानुसार मुलाने काय करायला हवं त्याचीही चित्रं आहेत. ती पानं बहुतेक कार्डांवर कोरी असतात. आईसोबत बसून ती वाचा. चार महिन्यांच्या आसपास मान धरतं का, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं का, दीड वर्षापर्यंत चालतं का, हे आई बरोबर सांगते.

आशाताईंना गृहभेटींबद्दल विचारा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात पाच भेटी. या पद्धतीचं मूळ विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. ‘भेटी झाल्या का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येतं. ‘मागच्या महिन्यात कोणत्या बाळाची काळजी वाटली, मग काय केलं?’ असं विचारा.

आता चिठ्ठीच्या मागे

आरबीएसके २०१३ साली सुरू झाला. जन्मतः असलेले व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत शोधायच्या, असं त्याचं स्वरूप. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. तालुक्याचा महिन्याचा दौरा आधी ठरतो. तो मायक्रोप्लॅन ग्रामीण रुग्णालयात मागा आणि एक दिवस गाडीसोबत जा.

पथकाला काही आढळलं की चिठ्ठी मिळते. गंभीर बाब असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे लोक एकाच छताखाली असावेत, अशी रचना आहे. ‘असावेत’वर बोट ठेवून विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी बसतो.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, वाकड्या पायाचं बाळ आहे. उपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि लवकर सुरू झाला तर ते मूल सरळ पायाने शाळेत जातं. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, असं साधारण पाच-सात वेळा. मग बहुतेकदा टाचेवर एक छोटा छेद. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट. आधी जवळपास तीन महिने रात्रंदिवस, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. तुमच्या तक्त्यात या सगळ्याची एक ओळ होईल: ‘क्लबफूट, मोफत उपचार, जिल्हा स्तर.’

आईच्या बाजूने पाहा. दर आठवड्याला एक रोज बुडतो. पोडापासून फाट्यापर्यंत पायी, तिथून काळीपिवळी जीप, मग एसटी. प्लास्टरचं लेकरू कडेवर, दुसरं शेजारणीकडे. पहिली खेप कशीबशी होते, तिसऱ्या खेपेला कापूस वेचणीचे दिवस लागतात आणि पाय पुन्हा वळतो. अशी आई तुम्हाला सांगेल, ‘तारीख सांगतली भाऊ, पन गाडी कोन्ती धरू थे कोनंच नाई सांगतलं.’ तुमच्या वहीत नेमकी हीच गोष्ट यायला हवी: वार, वेळ, गाडी, भाडं, सोबत कोण, परतीची शेवटची एसटी, दुपारचं जेवण. पथकाची गाडी लेकरांना जिल्ह्याला नेते का, १०२ ची रुग्णवाहिका एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी इथे प्रत्यक्षात मिळते का, हेही. शक्य असेल तर एकदा त्या आईसोबत तो प्रवास करा. कार्यालयात बसून मिळणाऱ्या माहितीपेक्षा हे कैक पटीने उपयोगी पडतं.

ऐकू न येणाऱ्या मुलांबाबत वेळ आणखी निसटते, कारण डोळ्यांना काही दिसत नाही. महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे ‘त्याचा बापही उशिरा बोलला’ म्हणत तीन वर्षं जातात. म्हणून जिल्ह्यात नवजात बाळांची श्रवणचाचणी कुठे होते, हा प्रश्न यादीत ठेवाच.

कुपोषणाची साखळी त्या मानाने गावात ठाऊक असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा पट्टीने मोजलेला दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. अंगावर सूज असली तर पट्टी काहीही सांगो, ते मूल सॅमच. गुंतागुंत नसेल तर गावातलं ग्राम बाल विकास केंद्र, असेल तर रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. विचारायचं ते बुडीत मजुरीबद्दल: लेकरासोबत राहणाऱ्या आईला ती मिळते का, किती दिवसांनी, रोख की खात्यात. खाटा रिकाम्या राहण्यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं, आणि घरी मागे राहिलेली दुसरी दोन लेकरं.

इथलं जे दुसरीकडे नाही

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात आदिवासी तसंच काही अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. आईबाप दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल पीडित असण्याची शक्यता २५ टक्के. सॉल्युबिलिटी ही फक्त चाळणी. वाहक की पीडित हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरतं. तेव्हा नमुना कुठे जातो आणि रिपोर्ट गावात कधी येतो, ते बघा. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, पण तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात देताना त्या घराला कोणी बसून समजावलं का, ते वेगळं विचारावं लागतं. लग्नाच्या वयाच्या मुलीचं कार्ड आई लपवून ठेवते. चारचौघांत त्याचा विषय काढू नका.

भाषा. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, यवतमाळच्या पोडांवर कोलामी. ‘मूल किती शब्द बोलतं?’ हे मराठीत विचारून मराठीत मोजलं तर चांगलं बोलणारं मूल मागे पडलेलं दिसेल. गावातलीच मुलगी दुभाषी म्हणून घ्या आणि तिला मानधन द्या.

ऋतू. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. या दिवसांत घरी आजी आणि लेकरं एवढीच असतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथे गरोदर बाईला आधीच आणून ठेवण्यासाठी आरोग्य केंद्रालगत माहेरघर असण्याला फार महत्त्व आहे. ते नुसतं बांधलेलं आहे की तिथे कोणी राहतं, ते डोळ्यांनी पाहा.

आणि सीमा. सिरोंच्याची माणसं गडचिरोलीपेक्षा तेलंगणात मंचेरियाल, वारंगळकडे जातात, धारणीची बऱ्हाणपूरला, पांढरकवड्याची आदिलाबादला. धारणीहून अमरावती शंभराहून जास्त किलोमीटर, तेही घाटातून. माणूस जवळचं बघणारच. जिल्ह्याच्या अहवालात ही लेकरं ‘उपचाराला आली नाहीत’ म्हणून दिसतात.

भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जाणाऱ्या घराला नावं ठेवू नका. पोटफुगीवर बाळाच्या पोटाला चटके देण्याचा डंबा घातकच, तो दिसला तर लेकरू ताबडतोब दवाखान्यात. पण भुमकाशी बोललात तर कोणतं लेकरू कधी आजारी पडलं, हे तो आशाताईंच्याही आधी सांगू शकेल.

घर सावरणाऱ्या सेवा

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सगळे सरकारी मदतीला ‘पात्र की अपात्र’ याच फेऱ्यात अडकतात. लेकरांसाठीचा बालसंगोपनाचा अर्ज मात्र त्या निकालावर अवलंबून नाही. एक पालक गेलेल्या मुलालाही ती योजना लागू आहे आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज कोणी भरून देतं का, कागदांपैकी कोणता अडतो आणि पहिला हप्ता किती महिन्यांनी आला, हे दोन-तीन घरांत विचारलं की तालुक्याचं चित्र उघडं पडतं. आईच्या मनाचं कोण बघतं, हेही विचारा; टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक गावात कोणाला ठाऊक आहे का, तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. बालविवाहाबाबत गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावर आहे. शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्ताच्या वहीत बघा.

कागद कुठले वाचायचे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) ची जिल्हानिहाय पत्रकं फुकट मिळतात. राज्यात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड, हे त्यातलेच आकडे. पण ते जिल्ह्याच्या खाली उतरत नाहीत. त्यावरून गावाबद्दल बोलू नका. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ कोणी फारसं उघडत नाही, पण तालुक्याचं चित्र त्यात बरं मिळतं. ग्रामपंचायतीत विकास आराखडा आणि जमाखर्च मागा. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. माझ्या मते गावातल्या गावात काही हलवायचं असेल तर सगळ्यात जवळची किल्ली हीच. एसटीचं भाडंही त्यातून का निघू नये, असा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो.

माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपये, तीस दिवस. पण पहिल्या महिन्यात तो अर्ज टाकू नका. चहावर जे मिळतं ते आधी घ्या. पदं, मायक्रोप्लॅन, पाठवलेली मुलं आणि पोचलेली मुलं हे आकडे दोनदा मागूनही मिळाले नाहीत, तर मग जरूर टाका.

संस्थांकडेही जा, पण यादीत नाव भरण्यापुरतं नको. मेळघाटात उतावलीला ‘महान’, चातगावला ‘सर्च’. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि अंगणवाडी यंत्रणेसोबत ‘आरंभ’ हा लहान लेकरांच्या संगोपनाचा कार्यक्रम उभा केला, त्याची सुरुवात यवतमाळ आणि औरंगाबाद जिल्ह्यांत झाली. त्यातले पालक मेळावे एकदा पाहाच. डबे, चमचे, बिया घेऊन बाप लेकराशी खेळतो आहे, हे दृश्य खेड्यात सहज दिसत नाही.

वही कशी ठेवायची

लेकराचं नाव आणि अडचण एकाच पानावर लिहू नका. फोटो नको, आई ‘हो’ म्हणाली तरी नको. मोबाइलवरून तो कुठे जाईल सांगता येत नाही. बोलण्याआधी काय विचारणार, कशासाठी, आणि मधेच नको वाटलं तर थांबता येईल, हे सांगा. खोटी आशा देऊ नका, ‘साहेबांना सांगतो’ हे वाक्यही नको. लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर ती वहीत ठेवता येत नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

सूज आलेलं, मलूल, दूध न ओढणारं लेकरू दिसलं तर सर्वेक्षण तिथेच थांबवा. सिस्टरला फोन, १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत त्याच घरी बसा.

काम संपताना दोन पानांचा कागद करा: अडचण, पहिलं दार, वार, गाडी, लागणारे कागद, अडलं तर कोणत्या पदावरच्या माणसाला विचारायचं. अधिकाऱ्यांची नावं नको, बदल्या होतात. एक प्रत अंगणवाडीच्या भिंतीवर, एक आशाताईंकडे, एक ग्रामपंचायतीत, आणि एक डीईआयसीत द्या, म्हणजे लेकरं कुठल्या रस्त्याने येतात ते तिथल्या लोकांनाही कळेल. खाली तारीख घाला. दिवाळीनंतर आणि शाळा सुरू होताना, असा वर्षातून दोनदा तो कोण दुरुस्त करणार, हे जायच्या आधी आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकताईंशी बोलून ठरवून घ्या.